दोन माणसांचा तंबू

हॅमॉक घ्यावा की तंबू, एवढंच विचारलंत तुम्ही. सरळ उत्तर द्यायचं तर दोन मिनिटांचं काम आहे. पाठीवर ओझं कमी हवं असेल आणि झाडं असतील तिथेच मुक्काम करणार असाल, तर हॅमॉक, दोन झाडांना टांगायची ती झोळी. उघडा माळ असेल, वारा-पाऊस असेल, तर तंबू. दुकानदारही हेच सांगेल. पण तुम्ही दोघी सख्ख्या जावा, मिळून जाणार आहात म्हणालात. म्हणून जरा बसा. ही निवड मी एकदा केली होती. ती कशासाठी केली, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसते. भिंगं घासायची, फ्रेमच्या मापाची करायची आणि बसवायची. केसभर जरी चूक झाली तरी माणसाचं डोकं दुखतं. माझे यजमान गेले, त्यानंतर दीड वर्षाने ही गोष्ट घडली. ह्यांना डोंगर चढायचं वेड होतं. सुट्टी मिळाली की सॅक पाठीला लावून मित्रांबरोबर निघायचे. मी कधी गेले नाही.

ह्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना त्यांनीच वाढवलं. लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या, त्यामुळे एकदा ऐकलेला आवाज जन्मात विसरायच्या नाहीत. हे गेल्यावर सहा महिन्यांनी त्या एक दिवस आमच्याकडे आल्या, माळ्यावर चढल्या आणि ह्यांची सॅक झटकत खाली उतरल्या.

"ही इथे पडून सडणार," म्हणाल्या. "चल, त्याने पाहिलेलं आपण बघून येऊ."

वन्सं तेव्हा त्रेसष्टच्या, मी चौपन्नची. त्यांचे गुडघे कुरकुरायचे, माझा श्वास पुरायचा नाही. तरी गेलो. दोन वेळा गेलो, भाड्याचा तंबू घेऊन. त्या तंबूवर 'दोन माणसांचा' असं लिहिलेलं असतं. ती दोन माणसं एकमेकांवर जीव टाकणारी असणार, असं बनवणाऱ्याने धरून चाललेलं असतं. कूस बदलली तरी दुसरीच्या तोंडावर केस जातात. आणि बॅटरी विझवली, की वन्सं विचारायच्या...

"शेवटी तो काही म्हणाला का गं?"

दिवसभर चालताना नाही, चहा पिताना नाही. अंधार झाला की मगच. उजेडात त्यांना विचारवत नसे आणि अंधारात मला पळता येत नसे.

"नाही हो वन्सं. शुद्धच नव्हती."

त्या 'बरं' म्हणायच्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. ही थाप होती. दोन्ही वेळा मी तीच मारली. तिसऱ्यांदा मारायचं बळ माझ्यात नव्हतं.

म्हणून तिसऱ्या खेपेला, स्वतःचं सामान घ्यायचं ठरलं तेव्हा, मी आधीच ठरवून दुकानात गेले होते.

दुकानदार मन लावून सांगणारा होता. तंबूचं कापड जमिनीवर पसरून म्हणाला, "काकू, अडीच किलो. दोघींनी वाटून घ्यायचा, काठ्या एकीच्या पाठीवर, कापड दुसरीच्या. पाऊस येऊ दे, वारा येऊ दे, चिंता नाही." मग मुठीएवढी एक पिशवी काढली. "आणि हा हॅमॉक. आठशे ग्रॅम. मच्छरदाणी शिवलेली, वर पाऊस अडवायला कापड. पण झाडं हवीत. खालून गार वारा लागतो, तेव्हा पाठीखाली चटई घाला. आणि सरळ झोपू नका, केळ्यासारखं वाकायला होतं. थोडं तिरकं झोपायचं."

वन्सं हसल्या. "पाळण्यातून उठून साठ वर्षं झाली, आता परत पाळण्यात घालतेस होय मला? नको बाई. तंबूच बरा. दोघी आत शिरलो, चेन ओढली, की घर झालं. गप्पा तरी मारता येतात."

"तुमच्या कंबरेला जमीन सोसत नाही, वन्सं," मी म्हटलं. "मागच्या खेपेला दोन दिवस वाकून चालत होतात. मी एका फिजिओथेरपिस्टला विचारून आलेय. ती म्हणाली, झोळीत झोपणंच बरं."

मी कुणालाही विचारलं नव्हतं. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, "तसं काही..." एवढं बोलला आणि तंबूच्या कापडाची घडी घालायला लागला.

वन्संनी माझा दंड धरला. "माझ्या कंबरेसाठी तू विचारायला गेलीस?" त्यांचे डोळे भरून आले होते.

मी दोन हॅमॉक बांधून घेतले.

आम्ही गेलो ती जागा दाट झाडीची होती. खाली ओढा, वर एवढाली खोडं की दोघींनी मिळून कवेत घ्यावीत. गाव तीन तासांच्या चालीवर मागे राहिलेलं. चार वाजताच उन्हं झाडांत अडकली आणि धुकं खालून वर यायला लागलं. मी वन्संचा हॅमॉक बांधून दिला, पट्टे ताणून पाहिले, चटई घातली. माझा मात्र वीस-पंचवीस पावलं लांब बांधला.

"एवढा लांब?" वन्संनी विचारलं.

"जवळ चांगली झाडं नाहीत."

आजूबाजूला झाडांशिवाय काही नव्हतं.

आठच्या सुमारास आडव्या झालो. हॅमॉकमध्ये माणूस एकदा शिरला की दोन्ही बाजूंनी कापड वर येतं आणि बाहेरचं काही दिसत नाही. फक्त ऐकू येतं. ओढा वाहत होता. पानांवरून पाणी ठिबकत होतं. ओल्या पाल्याचा वास होता, आणि मग त्या वासात दुसरा एक वास मिसळला. फिनेल. रुग्णालयाची फरशी पुसल्यावर येतो तसा. मी मनाशी म्हटलं, एखादं झाड असेल तशा वासाचं.

तेवढ्यात वन्संचा आवाज आला. झोपाळलेला, पण स्वच्छ.

"आलीस? ये... सांभाळून हं, उलटायचं नाहीतर."

मग पट्टा करकरला. एका माणसाने कूस बदलल्यावर कापड नुसतं हलतं. हा आवाज भार पडल्याचा होता. हळूहळू, थोडा थोडा करत एक माणूसभर भार.

मला वाटलं, झोपेत बोलतायत. मी हाक मारणार होते. पण त्याआधी कुणीतरी उत्तर दिलं.

"म्हणजे बघा, वन्सं..."

आपला आवाज आपल्याला चटकन ओळखू येत नाही. फोनवर टिपलेला ऐकला की परका वाटतो, तसाच तो परका वाटला. पण अवघड काही बोलायचं असलं की 'म्हणजे बघा' म्हणून सुरुवात करायची खोड माझी आहे. दुकानात मला त्यावरून चिडवतात.

तो माझा आवाज होता. आणि मी पंचवीस पावलांवर तोंड मिटून पडले होते.

"म्हणजे बघा, वन्सं, तुम्ही विचारता ना, शेवटी काही म्हणाले का... म्हणाले. शुद्ध होती त्यांना. दुपारी बाराला मोठे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर आत्ताच बोलवा. मी फोन हातात घेतला. तुमचा नंबर काढला. आणि फोन पालथा घालून ठेवला."

ओढा तेवढा वाहत होता.

"तुम्ही आलात की ते तुमचे होऊन जायचे. सव्वीस वर्षं तसंच होतं. मला एक दुपार हवी होती, फक्त माझी. त्यांनी विचारलं, 'ताई आली का?' मी म्हटलं, निघाल्या आहेत. परत विचारलं. मी म्हटलं, वाटेत आहेत. तीनदा विचारलं त्यांनी. साडेचारला गेले. तुम्हाला फोन केला तेव्हा पाच वाजून गेले होते..."

शब्द न् शब्द खरा होता. भिंतीलाही कळू दिलं नव्हतं मी. तो पालथा घातलेला फोनसुद्धा त्या आवाजाला ठाऊक होता.

मला बॅटरी लावता आली असती. 'वन्सं, ती मी नाही' असं ओरडता आलं असतं. हॅमॉकची कड मुठीत धरून मी तशीच पडून राहिले. भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्याही आधी मला सुटल्यासारखं वाटलं. झालं एकदाचं, कुणीतरी सांगितलं. माझी म्हातारी नणंद अंधारात कशाशेजारी झोपली आहे, हे मला माहीत नव्हतं, आणि मी तिथे पडून हायसं वाटून घेत होते. तुम्हाला भुताची गोष्ट सांगायची म्हणून हे सांगत नाही. मला लाज वाटते ती या क्षणाची.

बऱ्याच वेळाने वन्सं रडल्या. हुंदके दाबत, उशीत तोंड खुपसल्यासारख्या. मग नाक ओढून म्हणाल्या, "थंडगार पडलीयेस गं... ये, अशी जवळ सर."

पट्टा पुन्हा करकरला. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

सकाळी मी उतरले तर वन्सं स्टोव्हपाशी बसून चहा करत होत्या. डोळे सुजलेले, पण चेहरा असा मोकळा की दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. मला जवळ बसवून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आधी राग आला हो," त्या म्हणाल्या. "वाटलं, द्यावं ढकलून खाली. मग पडल्यापडल्या विचार केला. सव्वीस वर्षं मी तरी तुला जागा कुठे दिली होती? तू आपल्या तोंडाने सांगितलंस ना, संपलं. आता तो विषय नाही."

मी कपाकडे बघत राहिले.

"आणि उठून गेलीस कधी? मला पत्ताच लागला नाही."

"पहाटे," मी म्हटलं.

एकच शब्द. पण त्या एका शब्दाने ती सगळी माफी मी खिशात घातली.

वन्संचा हॅमॉक सोडवताना गाठी सुटेनात. पट्टा खोडाच्या सालीत रुतून बसला होता. शेवटी चाकूने कापावा लागला. "दोघींचं वजन पडल्यावर असंच होणार," वन्सं म्हणाल्या आणि हसल्या. मी पण हसले.

पुढचे आठ महिने वन्संनी माझ्यावर जी माया केली, ती सख्ख्या आईने केली नसेल. दर रविवारी यायच्या. मला 'पोरी' म्हणायला लागल्या. ह्यांच्या लहानपणीच्या फोटोंची वही, जिला कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत, ती माझ्या मांडीवर ठेवली. तापात पडले तर चार दिवस उशाशी बसल्या. आणि मला त्यातलं काही गोड लागेना. चोरीचा माल घरात असला की दाराची कडी वाजली तरी दचकायला होतं, तसं चाललं होतं माझं. दुकानात भिंगं बिघडायला लागली. मालक म्हणाला, "बाई, तुमच्याच डोळ्यांना नंबर लागलाय का बघा."

शेवटी मी ठरवलं. दोघींनी एका छपराखाली झोपायचं, आणि ज्या तोंडाने सांगायला हवं होतं त्याच तोंडाने सांगायचं. शिवाय 'त्या रात्री ती मी नव्हते' हेही. मी जाऊन तंबू विकत आणला. दोन माणसांचा.

"आता काय झालं तुझ्या त्या झोळीला?" वन्संनी विचारलं. पण मनातून त्या खूश होत्या. सगळ्या वाटेवर त्यांनीच काठ्या वाहिल्या.

या खेपेला उघडं पठार होतं. चार वाजता पावसाची भुरभुर लागली म्हणून घाईने तंबू ठोकला. दिवस होता अजून. हिरव्या कापडातून आत पाण्याखाली असल्यासारखा उजेड येत होता. वन्सं दमल्या होत्या, स्लीपिंग बॅग पसरून तिच्यात शिरल्या. वाऱ्याने एका बाजूचा खुंटा उपटला होता, तो बसवायला मी बाहेर जाऊन तंबूच्या मागे गेले. दगड शोधला, खुंटा ठोकला, दोऱ्या ताणल्या. दहा मिनिटं गेली असतील.

परत आत आले तर वन्सं भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. बॅग कानापर्यंत ओढलेली, पांढऱ्या केसांचा शेंडा तेवढा बाहेर. मी चेन लावली. आपल्या बॅगवर बसले. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. त्यांचं तोंड पलीकडे आहे तेच बरं.

"वन्सं, जाग्या आहात?"

"हं."

"म्हणजे बघा, वन्सं... त्या रात्री झाडीत, तुमच्या शेजारी येऊन झोपले, बोलले... ती मी नव्हते."

पावसाचे थेंब कापडावर वाजत होते. मला वाटलं उठून बसतील, वेड लागलं का म्हणतील. त्या हलल्या नाहीत.

"हं."

मग माझा बांधच फुटला. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. डॉक्टर काय म्हणाले, फोन कसा पालथा घातला. हॅमॉक तुमच्या कंबरेसाठी घेतले नव्हते, तुम्ही अंधारात विचारता त्याला उत्तर द्यायला नको म्हणून घेतले. मी तिथे पडून सगळं ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं. रडत रडत सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा काही न लपवता बोलत होते.

"तीनदा विचारलं हो त्यांनी तुमच्याबद्दल... तीनदा. आणि मी तीनदा खोटं बोलले."

"चार वेळा."

वन्संचाच आवाज. शांत, चूक सुधारून द्यावी तसा.

"...काय?"

"तू पाणी आणायला बाहेर गेलीस ना... तेव्हा एकदा."

माझं रडं जागच्या जागी थांबलं. त्या दुपारी मी तांब्या घेऊन व्हरांड्याच्या टोकाला गेले होते खरी. पाचेक मिनिटं. पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या आवाजानेही झाडीत ते सांगितलं नव्हतं. आणि वन्सं तर तेव्हा दीड तासाच्या वाटेवर, आपल्या घरी होत्या.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याच वेळी बाहेर चिखलात बूट वाजले. "अगं, चेन उघड लवकर! दोन्ही हात भरलेत माझे."

वन्संचा आवाज. बाहेरून.

हाताखालचा खांदा खांद्यासारखाच होता, घट्ट आणि गार. मग तो हळूहळू खाली बसायला लागला. सायकलच्या चाकातली हवा जावी तसा. मी हात काढू शकले नाही. बॅग पार सपाट होईपर्यंत माझा हात तिच्यावर तसाच होता.

चेन मी कशी उघडली आठवत नाही. वन्सं ओल्या अंगाने आत आल्या, पाण्याच्या दोन बाटल्या खाली ठेवल्या. "झोप येईना, म्हटलं अंधाराच्या आत झऱ्यावर जाऊन येऊ. तू मागे ठोकाठोकी करत होतीस, हाक दिली तर ऐकलीच नाहीस." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "कोणाशी बोलत होतीस? मला वाटलं, रडतेयस."

समोर होत्या त्या. खऱ्या, श्वास लागलेल्या, चष्म्यावर पाण्याचे थेंब. सगळे शब्द माझ्या तोंडात अजून गरम होते. पुन्हा एकदा म्हणायचे, एवढंच होतं.

"कोणाशी नाही," मी म्हटलं. "सर्दी झालीये."

"थांब, चहा टाकते," त्या म्हणाल्या.

रात्रभर त्या बॅगकडे पाठ न करता मी जागी राहिले. वन्संना काही त्रास झाला नाही, छान झोपल्या. आजही त्या दर रविवारी येतात. मी अजून सांगितलेलं नाही.

परत आल्यावर आठवडाभर ते 'चार वेळा' डोक्यातून जाईना. शेवटी दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढून मी त्या रुग्णालयात गेले. ह्यांच्या वॉर्डातल्या मावशी कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या करत होत्या. मी त्या वेळी त्यांच्या चष्म्याची काडी बसवून दिली होती, त्यामुळे ओळखलं त्यांनी. बसायला स्टूल दिलं. मी विचारलं, "मावशी, ते गेले त्या दुपारी मी पाणी आणायला गेले होते. तेव्हा तुम्ही खोलीत होतात. ते काही म्हणाले का?"

"हो, म्हणाले की," मावशी घडी घालता घालता म्हणाल्या. "'ताई आली का' म्हणून विचारलं. मी म्हणणार होते, येतील हो. तेवढ्यात स्वतःच हसले. म्हणाले, 'आली बघा.'"

"कोण आली?"

"कोण म्हणजे? त्यांच्या बहीणबाई. पांढऱ्या केसांच्या. उशाशी बसल्या, हात हातात घेतला, किती शांत झाले हो ते." मावशींनी घडी कपाटात ठेवली आणि माझ्याकडे वळून पाहिलं. "असं काय करताय? तुम्ही तांब्या घेऊन दारात आलात तेव्हाच तर त्या बाहेर पडल्या. तुम्ही बाजूला सरून वाट दिलीत की त्यांना."